तुतीचे शेंडे पुन्हा पुन्हा आकसत असतील तर: काय तपासावे, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबावे

लक्षणे

तुतीच्या, म्हणजे नागपुरातील बहुतेक घरांत ज्याला शहतूत म्हणतात त्या झाडाच्या, कोवळ्या फांदीचा शेंडा वाढायचा थांबतो. टोकाची पाने सुरकुततात, जाड व ठिसूळ होतात, नेहमीपेक्षा गडद हिरवी दिसतात आणि एकमेकांत गुंतून त्यांचा घट्ट गोळा तयार होतो. त्या गोळ्याखालची पेरे आखूड राहतात, कोवळी फांदी फुगते व कधीकधी वाकडी होते. गोळ्याच्या आत कापसासारखा पांढरा पुंजका असतो, खालच्या पानांवर चिकटा पडून उन्हात चमकतो आणि काही दिवसांनी त्याच चिकट्यावर काळी काजळी धरते. खोडावरून मुंग्यांची ये-जा थांबत नाही. झाडावर फळे असतील तर ती लहान राहतात, हाताला चिकट लागतात किंवा पिकण्याआधीच गळतात. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन वाढू लागले की हे सुरू होते, एप्रिल-मेमध्ये सर्वांत वाढते, जुलैच्या जोरदार पावसात ओसरल्यासारखे वाटते आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत डोके काढते.

ही लक्षणे एकत्र दिसत असतील तर आपल्या झाडावर बहुधा गुलाबी पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड आहे. रेशीम उत्पादक शेतकरी या विकृतीला टुक्रा म्हणतात. हा बुरशीचा रोग नाही, विषाणूचाही नाही. कीड शेंड्यातील रस शोषताना तिच्या लाळेतील विषारी घटक कोवळ्या पेशींत जातात आणि त्यामुळे पाने आकसतात. हे आधी स्पष्ट करण्याचे कारण असे की नागपुरात मी जितक्या अंगणांत आणि गच्च्यांवर ही तुती पाहिली, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी लोकांनी आधीच बुरशीनाशक फवारलेले होते, आणि बुरशीनाशकाने पिठ्या ढेकणाचे काहीही बिघडत नाही. महिना वाया जातो, पैसे जातात आणि तेवढ्या काळात किडीची पुढची पिढी तयार होते.

काही लक्षणे वरवर सारखी वाटतात, पण ती वेगळ्या कारणांची असतात. पानाच्या खालच्या बाजूस पांढरी भुकटी दिसत असेल, पान मात्र आकसलेले नसेल आणि दिवस थंडीचे असतील, तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग आहे. पानामागे तांबूस पुटकुळ्या असतील तर तो तांबेरा. पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके येऊन ती पिवळी पडत असतील तर ते ठिपक्यांच्या रोगाचे काम आहे. पानाच्या कडा करपल्या असतील आणि कुठेही कीड दिसत नसेल, तर बहुधा ऊन किंवा पाणी कारणीभूत आहे. पान पिवळे आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. चुनखडीयुक्त काळ्या मातीत ही तक्रार नेहमीची आहे.

पहिली तपासणी: शेंडा कापून उलगडून पाहणे

याला एक कात्री, एक पांढरे ताट आणि जमल्यास साधे भिंग एवढेच लागते. आकसलेला एक शेंडा कापून ताटात ठेवावा आणि नखाने एकेक पान बाजूला करावे. पाने कडक झालेली असल्याने ती उलगडत नाहीत, तुटतात. अगदी आतल्या घडीत, पानाच्या देठाच्या बेचक्यात, सुमारे तीन मिलिमीटर लांबीचे, लांबट गोल, मऊ अंगाचे किडे चिकटून बसलेले दिसतात. त्यांच्या अंगावर पांढऱ्या पिठाचा पातळ थर असतो आणि काडीने तो खरवडला की खालचे गुलाबी अंग दिसते. जवळच मेणकट कापसाची एक सैल पिशवी असते. ती सुईने उघडल्यास गुलाबीसर नारिंगी रंगाची, रव्याच्या कणाहूनही बारीक अंडी ताटात सांडतात. एका पिशवीत ती शेकड्यांनी असू शकतात. एखादा किडा काडीने दाबला तर तांबूस गुलाबी द्रव येतो.

हा रंग नीट पाहावा, कारण पुढचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. द्रव पिवळा आला तर ती कीड वेगळी, म्हणजे पपईवरील पिठ्या ढेकूण असण्याची शक्यता मोठी आहे. ही कीड भारतात २००८ साली कोइमतूर भागात प्रथम आढळली आणि तिने पपईसोबत तुतीचेही मोठे नुकसान केले. तिच्यावर उपाय म्हणून २०१० साली प्वेर्तो रिकोहून बारीक परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडण्यात आल्या आणि त्यांतील ॲसेरोफॅगस पपायी या जातीने दक्षिणेत ही कीड उल्लेखनीय प्रमाणात आटोक्यात आणली. घरच्या बागेसाठी याचा अर्थ इतकाच की पिवळ्या द्रवाची कीड दिसली तर आधी जवळपासची पपई तपासावी आणि विषारी फवारणी अजिबात करू नये, कारण असे मित्रकीटक असतील तर पहिल्या फवारणीत तेच मरतात.

शेंड्यात कोणतीच कीड सापडली नाही, तर पांढऱ्या कागदावर तीन-चार फांद्या झटकून पाहाव्यात. कागदावर पिवळसर, धाग्याच्या तुकड्यांसारखे बारीक किडे धावताना दिसले तर ते फुलकिडे आहेत. त्यांच्यामुळे पानावर चंदेरी ओरखडे उठतात आणि पान होडीसारखे वर वळते, पण त्याचा गोळा होत नाही. फुलकिड्यांसाठी पानांच्या मागील बाजूस दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा जोरदार फवारा मारणे बहुतेक वेळा पुरेसे ठरते.

दुसरी तपासणी: पाणी, ऊन आणि कूलर

यालाही खर्च नाही. अशक्त झाडावर कोणतीही शोषक कीड लवकर बसते, म्हणून औषधाआधी झाडाचे खाणेपिणे पाहावे. नागपूरचा मे महिना घरच्या झाडांची कठोर परीक्षा घेतो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि पंचेचाळीसच्या आसपासचे दिवस तर दर उन्हाळ्यात येतात. गच्चीवरील प्लास्टिकच्या ड्रममधली माती अशा दिवसांत बाहेरून भाजून निघते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस, संपेपर्यंत ड्रमभोवती ओले पोते गुंडाळावे, दुपारच्या उन्हापुरती हिरवी जाळी लावावी आणि पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे.

कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडांना घालण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात आहे. हेतू चांगला असला तरी कुंडीतल्या झाडाला ते पाणी नियमित देऊ नये. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि पाण्यातले क्षार मागे राहतात, त्यामुळे आठवडाभर वापरलेल्या टाकीतील पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असते. बोअरचे पाणी वापरत असाल तर हा फरक आणखी वाढतो. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपणे आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरणे ही त्याची खूण आहे. अशा वेळी कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत याची खात्री करून, भरपूर साधे पाणी सोडून क्षार धुऊन काढावेत.

नत्राचाही येथेच विचार करावा. युरिया किंवा ताजे शेणखत भरपूर घातलेल्या तुतीला कोवळी, रसाळ फूट जास्त येते आणि पिठ्या ढेकणाला तीच हवी असते. आकसलेले शेंडे पाहून "झाडाला ताकद हवी" म्हणून खत वाढवले जाते, आणि त्यातून त्रासही वाढतो.

तिसरी तपासणी: मुंग्या कुठून चढतात

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तपासणी हीच आहे आणि समस्या पुन्हा पुन्हा येण्याचे निम्मे उत्तर येथे आहे. पिठ्या ढेकूण गोड चिकटा टाकतो आणि मुंग्या तो खातात. त्याच्या मोबदल्यात त्या ढालकिड्यांना आणि इतर मित्रकीटकांना किडीजवळ फिरकू देत नाहीत. किडीची बारीक पिल्ले वाऱ्याने आणि कपड्यांना चिकटूनही पसरतात, मुंग्या त्यांना वाहूनही नेतात. म्हणून मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय केलेला कोणताही उपाय फार काळ टिकत नाही.

झाडाभोवती सावकाश एक फेरी मारावी. खोडाशिवाय मुंग्यांना आणखी किती पूल उपलब्ध आहेत ते मोजावे. भिंतीला टेकलेली फांदी, कपडे वाळत घालायची दोरी, आधाराला लावलेला बांबू, शेजारच्या वेलीचा टोकाशी आलेला तणावा, यांतला एकही पूल शिल्लक राहिला तर खोडावर केलेली मेहनत वाया जाते. सर्व पूल तोडून झाल्यावर खोडाच्या फांद्याविरहित भागावर आधी जाड कागद किंवा रुंद टेप घट्ट गुंडाळावी आणि तिच्यावर ग्रीसचा किंवा बाजारात मिळणाऱ्या चिकट पट्टीचा थर द्यावा. ग्रीस थेट सालीवर लावू नये, कारण उन्हात ते सालीत मुरते आणि साल करपते. धूळ बसून थर कोरडा पडला की तो बदलावा. मेच्या वावटळीत हे लवकर होते.

कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवण्याचा उपाय जुना आणि उपयुक्त आहे, पण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. थाळीतले पाणी दर दोन दिवसांनी ओतून टाकता येणार नसेल तर हा उपाय करू नये. मुंग्यांची वारुळे जवळच असतील तर साखरेच्या पाण्यात सुमारे एक टक्का बोरिक ॲसिड मिसळून ते आमिष झाकणाला भोके पाडलेल्या डबीत, मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे. बोरिक ॲसिडचे प्रमाण वाढवल्यास कामकरी मुंग्या वारुळात पोचण्याआधीच मरतात आणि राणी सुरक्षित राहते.

चौथी तपासणी: कुंपणाजवळची जास्वंद

गुलाबी पिठ्या ढेकणाचे आवडते झाड जास्वंद आहे. इंग्रजीतही या किडीला जास्वंदीच्याच नावाने ओळखतात. नागपुरात, विशेषतः महाल, इतवारी, सक्करदरा अशा जुन्या वस्त्यांत, गणपतीच्या फुलांसाठी जास्वंद नाही असे अंगण क्वचितच असेल. ती तोडावी असे मी कुणालाही सुचवत नाही, पण ती तपासलीच पाहिजे. जास्वंदीच्या कळ्या न उमलता गळत असतील आणि तिचेही शेंडे आकसलेले असतील, तर तुतीवर येणारी कीड तिथून येते आहे आणि तुतीवर केलेला उपाय काही आठवड्यांत निकामी होणार आहे. पेरू, सीताफळ, डाळिंब, द्राक्षाचा वेल आणि परसातली भेंडी यांवरही हीच कीड राहते. या सर्व झाडांवर एकाच दिवशी उपाय करावा.

जास्वंद शेजारच्या आवारात असेल तर शेजारच्या काकूंशी आधी बोलावे आणि त्यांच्या झाडाची छाटणी आपण करून देण्याची तयारी दाखवावी. बहुतेक वेळा त्या आनंदाने तयार होतात, कारण त्यांच्याही कळ्या गळत असतात. दोन्ही झाडांवर एकत्र काम झाले तेथे पुढच्या हंगामात तक्रार परत आल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. एकाच झाडावर काम झाले तेथे ती जवळजवळ नेहमी परत येते.

पाचवी पायरी: कापणे, धुणे आणि साबणाचे पाणी

कीड नक्की झाली, मुंग्यांची वाट बंद झाली आणि शेजारची झाडे पाहून झाली की मगच हत्यार हाती घ्यावे. आकसलेला प्रत्येक शेंडा, त्याच्या खालच्या दोन निरोगी पेरांसह, कापावा. कापताना खाली साबणाच्या पाण्याची बादली धरावी आणि तुकडा थेट तिच्यात पडू द्यावा, कारण जमिनीवर पडलेल्या शेंड्यातून पिल्ले चालत परत खोडाकडे येतात. बादली रात्रभर तशीच ठेवावी. त्यानंतर तो कचरा काळ्या पिशवीत बांधून दोन दिवस कडक उन्हात ठेवावा आणि मगच कचरागाडीत द्यावा. कंपोस्टच्या खड्ड्यात तो कधीही टाकू नये. कात्री दुसऱ्या झाडाला लावण्याआधी पुसून घ्यावी.

एप्रिल-मेमध्ये एवढीच छाटणी करावी. पानांचे छत्र एकदम उतरवले तर नागपूरच्या उन्हात उघडी पडलेली साल भाजते आणि तिथून पुढे खोडाचे आजार सुरू होतात. मोठी छाटणी पाऊस स्थिरावल्यावर, जुलैत, आणि गरज असल्यास परत डिसेंबरमध्ये करावी. डिसेंबरच्या छाटणीनंतर येणाऱ्या फुटीवर वसंतातली फळे येतात, त्यामुळे फळांच्या दृष्टीनेही हीच वेळ सोयीची ठरते.

उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा खालून वर मारावा. उघड्यावर असलेली बरीचशी पिल्ले यानेच निघून जातात. संध्याकाळी, पाने कोरडी झाल्यावर, साबणाचे द्रावण फवारावे. मऊ पोटॅशियम साबण मिळाला तर उत्तम, नाहीतर सुगंध आणि ब्लीच नसलेला साधा साबण एका लिटर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात विरघळवावा. बोअरच्या कठीण पाण्यात साबण फुटतो, वर साय जमते आणि किडीच्या अंगावरचे मेण विरघळवण्याची त्याची ताकद जाते, म्हणून द्रावणासाठी महापालिकेच्या नळाचे किंवा फिल्टरचे पाणी घ्यावे. आधी एकाच फांदीवर फवारून चोवीस तास वाट पाहावी. पान करपले नाही तर पूर्ण झाडावर फवारावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी साध्या पाण्याने झाड धुऊन टाकावे. साबण संपर्कानेच काम करतो, ज्या किड्याला तो भिजवत नाही त्याला काही होत नाही. त्यामुळे पानांच्या मागील बाजू, बेचके आणि सालीच्या भेगा भिजल्या पाहिजेत.

कापसाच्या पिशवीतली अंडी या फवारणीत वाचतात. त्यांतून साधारण आठवडाभरात पिल्ले बाहेर येतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी दुसरी आणि तितक्याच अंतराने तिसरी फवारणी करावी लागते. उन्हाळ्यात एक पिढी सुमारे महिनाभरात पूर्ण होत असल्याने दुसरी फवारणी लांबवली तर पहिलीचा उपयोग राहत नाही. अनेक घरांत पहिल्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसते, उत्साह ओसरतो आणि चक्र नव्याने सुरू होते.

मित्रकीटकांना ओळखणे

फवारणीआधी एक गोष्ट काळजीपूर्वक पाहावी. पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, पण अंगावर लांब मेणाच्या झालरी असलेली, एक सेंटिमीटरहून मोठी आणि भराभर चालणारी अळी शेंड्यावर दिसली तर ती मारू नये. ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी आहे आणि ती पिठ्या ढेकूण खाऊनच वाढते. प्रौढ भुंगेरा काळा असून त्याचे डोके व मागील टोक नारिंगी असते. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा कीटक भारतात १८९८ साली आणला गेला आणि आज पिठ्या ढेकणावरचा सर्वांत भरवशाचा जैविक उपाय म्हणून तो प्रयोगशाळांत वाढवला जातो. कीड समजून या अळ्या चिरडताना मी लोकांना वारंवार पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते, कारण तिथे निसर्गाने काम आधीच हाती घेतलेले असते. अशा अळ्या दिसल्या तर साबणाची फवारणी थांबवावी, केवळ मुंग्यांचा बंदोबस्त ठेवावा आणि दोन-तीन आठवडे वाट पाहावी.

सहावी पायरी: विकतची सौम्य औषधे

साबणाच्या तीन फवारण्यांनंतरही नवे शेंडे आकसत असतील तर निंबोळीवर आधारित औषध किंवा व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीवर वाढणारी बुरशी वापरता येते. वेष्टनावरचे प्रमाण तंतोतंत पाळावे. व्हर्टिसिलियमला दमट हवा लागते, त्यामुळे मेच्या कोरड्या झळांमध्ये ती फवारणे म्हणजे पैसे फुकट घालवणे आहे. जुलै ते सप्टेंबर हा तिचा काळ. निंबोळी तेल कडक उन्हात पाने भाजते, ते फक्त संध्याकाळी वापरावे. त्रास थंडीतल्या भुरीचा असेल तर पाण्यात विरघळणारे गंधक चांगले काम करते, पण तापमान पस्तीसच्या वर असताना ते वापरू नये आणि तेलाच्या फवारणीनंतर किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर पाने जळतात. फळे रंगू लागल्यावर यांतले काहीच फवारू नये. तुतीच्या फळाला सोलून टाकण्यासारखी साल नसते आणि मुले ती झाडावरून तोडून तशीच तोंडात टाकतात.

येथे थांबावे

घरगुती उपायांची मर्यादा येथे संपते. शेतीच्या दुकानातून तीव्र रासायनिक कीटकनाशक आणून घराच्या अंगणात फवारणे ही यापुढची पायरी नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ती माणसे वर्षानुवर्षे फवारणी करणारी होती. घरात ना तसा अनुभव असतो, ना संरक्षक साधने, आणि अंगणातले वारे थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत जाते. जुन्या तुती-पुस्तिकांत टुक्र्यासाठी डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक सुचवलेले आढळते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे, त्यामुळे घरात जुनी बाटली असेल तरी ती उघडू नये. मुळांतून शोषली जाणारी औषधे कुंडीत घालू नयेत, ती फळापर्यंत पोचतात. बाटलीवरील विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर ती वस्तू घरच्या बागेसाठी नाही.

पुढील परिस्थितींत स्वतः काही करण्याआधी जाणकाराला बोलवावे. खोडावर भोक असून त्यातून लाकडाचा भुसा बाहेर पडत असेल तर आत खोडकिडीची अळी आहे. ती आत किती खोल गेली आहे हे बाहेरून कळत नाही आणि अळी काढायला चुकीच्या जागी तार घातल्यास झाड जास्त दुखावते. पाणी देऊनही संपूर्ण झाड एकाएकी कोमेजत असेल तर मूळकुजीची शंका घ्यावी. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून ज्या वस्त्यांत पाणी शिरले, तशा ठिकाणी किंवा काळ्या मातीत पाणी साचणाऱ्या कोणत्याही अंगणात, ही शंका आधी घ्यावी. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, असतात आणि त्यांचे निदान प्रयोगशाळेतच होते. झाड शिडीच्या आवाक्याबाहेर गेले असेल किंवा फांद्या विजेच्या तारांजवळ असतील तर छाटणी स्वतः करू नये. झाड मेले म्हणून ते तोडायचे असेल तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लक्षात घेऊन महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी विचारणा करावी.

नागपूरकरांना सल्ल्यासाठी दूर जावे लागत नाही. महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय, केंद्र सरकारचे एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र आणि राज्याचे रेशीम संचालनालय हे तिन्ही याच शहरात आहेत, आणि तुतीच्या किडींचा सर्वाधिक अनुभव अर्थातच रेशीम विभागातल्या माणसांकडे असतो. ही कार्यालये प्रामुख्याने शेतकऱ्यांसाठी असल्याने आधी विचारून जावे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आहे.

नमुना नेताना आकसलेले दोन-तीन शेंडे सकाळी कापून कागदी पिशवीत घ्यावेत. प्लास्टिकमध्ये ते घामेजून काळे पडतात आणि मग काहीच ओळखू येत नाही. किडे वेगळे काढून छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवल्यास ओळख पटवणे सोपे जाते. मूळकुजीची शंका असेल तर बारीक मुळे त्यांच्याभोवतीच्या ओलसर मातीसह आणावीत, धुवू नयेत आणि वाळूही देऊ नयेत. सोबत एका कागदावर झाडाचे वय, ते जमिनीत आहे की ड्रममध्ये, पाणी नळाचे की बोअरचे, आणि आजवर काय काय व कोणत्या तारखेला फवारले हे लिहावे. शेवटची फवारणी होऊन दोन आठवडे झाले नसतील तर तेही सांगावे, कारण औषधाने मेलेली कीड आणि मित्रकीटकाने मारलेली कीड यांतला फरक तपासणाऱ्याला त्याशिवाय करता येत नाही.